भिंगावरचे पडदे

पडदा वर जातो तेव्हा समोर पांढराशुभ्र दीपस्तंभ, दाराला लाल फीत, खुर्च्यांच्या तीन रांगा आणि सगळ्यांत मागे स्टुलावर दिवेकाका. कात्री माझ्या हातात. जुन्या नटाला अशा कामांना अजून बोलावतात.

काकांनी एकतीस वर्षं इथला दिवा राखला. दिवा बंद झाल्यावर इतिहास मंडळानं डागडुजी करून वास्तू लोकांना खुली केली, आणि पाहुण्यांना वर नेऊन आणायचं या बोलीवर तळाची खोली काकांकडेच राहू दिली. मंडळाचा सचिव त्यांचाच मुलगा.

वर दिव्याच्या खोलीत पुरुषभर उंचीचं भिंग. काका दारातच थबकले.

"पडदे कुठं गेले?"

"मीच काढायला लावले, बाबा. फोटोत भिंग दिसायला नको?"

"अरे, दिवसा ते ओढलेलेच हवेत. ऊन गोळा करून जाळतं हे."

"भिंगाला दृष्ट लागेल म्हणून घाबरतात आमचे बाबा," सचिव पाहुण्यांना म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, चांगला खड्या आवाजात.

दुपारी खाली भाषणं रंगात आली असताना वरून धूर निघाला. खिडकीची चौकट आणि मंडळाचा नवा माहितीफलक, दोन्हींचा कोळसा झाला. आग विझली आणि अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथं चौकशी मांडली.

"भिंगानं आग लागते, हे खरं?" त्यांनी सचिवाला विचारलं. "तुम्ही तर इथंच वाढलात."

तो बुटांकडे बघत म्हणाला, "छे हो. बाबा वर जाऊन विड्या ओढतात. किती वेळा सांगितलं."

काकांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता, हे खुर्च्यांवरच्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. रंगमंचावर मी भल्याभल्या राजांना खडसावलं. त्या दुपारी मात्र संवाद विसरल्यासारखा उभा राहिलो.

"खोली आजच रिकामी करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वारसा जपायचा तर मन घट्ट करावंच लागतं."

एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी बाहेर आली. किल्ली घ्यायला सचिव स्वतः पुढे झाला. हात पुढे करताना त्याची बाही वर सरकली. काकांनी तळहातावर किल्ली ठेवली, बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि जवळ उभ्या असलेल्या मलाच काय ते ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "झाकून ठेव. लहानपणी भिंगाच्या उन्हानं भाजलेला डाग अजून दिसतो."