बहिणीच्या नावाचं भात

शास्त्राभ्यासाचा मला त्या दिवसांत कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकते. डहाणूला आमच्या गल्लीत शांताबाईंच्या ओसरीवर दर बुधवारी आम्ही पाच-सहा बायका बायबल वाचायला जमतो. शांताबाई दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. त्यांचा नियम असा, की वाचलेला उतारा कुणीतरी जगून येत नाही तोवर पुढचा उघडायचा नाही. लोक हसतात. इतर मंडळ्या वर्षभरात अख्खा नवा करार संपवतात आणि आमचा मुक्काम आपला पहिल्याच पुस्तकात, मत्तयात. पण ही बाई मला मनापासून आवडते. औषधाच्या बाटलीवरचं नुसतं वाचून ताप उतरलेला मी पाहिला नाही, असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतं.

त्या हिवाळ्यात आम्ही येशूच्या एका सांगण्यापाशी अडकलो होतो. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी भावाकडे जा. आठवड्यामागून आठवडे तोच उतारा. कुणी काही बोलत नसे, पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. माझा दादा तिकडे तलासरी तालुक्यात वेवजीला राहतो आणि आमचं येणंजाणं बंद आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही वारली. आमच्याकडे नवं भात धान्याच्या देवीला, कणसरीला, दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. ते दाखवून झालं की दादा त्यातला पहिला वाटा मला पाठवायचा. आईबापाच्या माघारी माझं माहेर म्हणजे तेवढंच. लेक शाळेत असताना मी आणि नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षी वाटा यायचा थांबला. भांडण नाही, निरोप नाही. फोन केला तर वहिनी उचलायची आणि शेतावर गेलेत म्हणायची. नवरा वारला तेव्हा दादा आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि पाणीही न घेता गेला. मी समजायचं ते समजले. आतून फार दुखलं. आता लेकीचं लग्न ठरलं होतं. वडील नाहीत, मग वेदीपर्यंत तिचा हात धरून कोण नेणार? तिला मामाच हवा होता. दादा नाही म्हणाला तर उरलासुरला भाऊही जाईल, या भीतीनं मी विचारायचं टाळत होते.

शेवटी एका बुधवारी शांताबाई म्हणाल्या, "अगं, तो आला तर बोल, असं नाही सांगितलं प्रभूनं. तू जा, असं सांगितलंय." मला राग आला. घरी येऊन तणतणले, मग तोच उतारा पुन्हा काढून वाचला आणि रडले. दुसऱ्या दिवशी तलासरीची एसटी धरली. तिथं उतरल्यावर मात्र अवसान गळालं. वेवजीची रिक्षाही दिसेना. देवाचीच इच्छा नसेल, असं स्वतःला पटवून मी परतीच्या गाडीकडे वळले. तेवढ्यात मागून एक रिक्षावाला ओरडला, "वेवजी, वेवजी! एकच सीट!" आत दाटीनं बसलेल्या एका अनोळखी म्हातारीनं आपली पिशवी मांडीवर घेतली, माझा हात धरला आणि म्हणाली, "ये बाय, बस." मी बसले. कुणी याला योगायोग म्हणो, मी वाद घालत नाही.

दादा अंगणात होता. मला पाहून उठला. वाटेत जुळवलेलं भाषण मी विसरले. मी एवढंच विचारलं, "दादा, माझा वाटा का बंद केलास?"

तो गांगरला. "बाय, तुमच्यातल्याच कोनी सांगलं, देवीला दाखवलेला दाना खाल्ला तर तुला पाप लागंल. तुला पापात कशाला पाडू? म्हनून नाय धाडला."

मग तो आत जाऊन एक गाठोडं घेऊन आला. त्यात नवं भात होतं. दरवर्षी कापणी झाली, की देवीला दाखवायच्या आधीच तो माझा वाटा बाजूला काढत होता. पण बहिणीला तेही पाप वाटलं तर, म्हणून पाठवायचा किंवा फोनवर यायचा धीर होत नसे. मग पावसाळ्यात त्याचीच रोपं टाकायचा. वहिनी म्हणाली, "मला भीती वाटायची. देवीच्या आधी दाना काढायचा नसतो. पन ह्यांनी ऐकलं नाय. म्हनाले, कोप झाला तर माझ्यावर होऊ दे."

मी तिथंच बसून ढसाढसा रडले. माझ्या श्रद्धेला धक्का नको म्हणून माझा भाऊ आपल्या देवीचा कोप ओढवून घ्यायला तयार होता, आणि मी त्याला तुटलेला समजत होते. वहिनीनं त्यातलं मूठभर कांडून शिजवलं. मी प्रार्थना केली, तेव्हा दोघंही माना खाली घालून बसले. जेवताना मी लग्नाचं बोलले.  दादा म्हणाला, "चर्चात मला आत घेतील?"

"तुझ्याशिवाय तिलाच आत जायचं नाही," मी म्हणाले.

लग्नाच्या दिवशी दादानं भाचीला वेदीपर्यंत आणलं. हात सोडून मागं यायचं असतं, हे त्याला सांगायचं आम्ही सगळेच विसरलो. तो तिचा हात धरून तिथंच उभा राहिला, आणि लग्न लावणाऱ्या पाळकांनी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. वेदीपाशी उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे पाहताना मनात एवढंच आलं: प्रभू, तू जा म्हणालास आणि मी कुरकुरत गेले. बाकी सगळं तूच केलंस.