होळीची मुलगी कोण?

रविवारी दुपारी आम्ही दोघं कळंबला गेलो होतो, लेकीला भेटायला. परत आल्यापासून लिहू की नको, असं चाललंय... पण ज्यांची मुलं स्काऊट-गाईडच्या मोठ्या शिबिराला जाणार आहेत त्यांनी हे वाचायलाच हवं.

आमची सई सहावीत. यंदाच गाईडमध्ये गेली, आणि नेमकं राज्यभरातल्या मुलांचं शिबिर यंदा कळंबला भरलं, समुद्राजवळच्या मैदानावर. घरून स्कूटरवर जाऊन येण्यासारखं अंतर, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. लांब पाठवणाऱ्या आयांना धीर देत फिरत होते, बोला आता!

आम्ही वसईजवळच्या होळी गावचे. हो, गावाचं नावच होळी. लग्न होऊन आल्यापासून माहेरचे चिडवतात, तुमच्याकडे बारा महिने शिमगा का म्हणून. आता सवय झालीय.

रविवारी पालकांना भेटायची परवानगी होती आणि दुसऱ्याच दिवशी होळीचा सण. मी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, आणि बेसनाचे लाडू घेतले. गेटवर गळ्यात स्कार्फ बांधलेला एक तरुण स्वयंसेवक उभा होता, बोलण्यावरून विदर्भाकडचा वाटला. नवऱ्याने नेहमीच्या सवयीने सांगितलं, होळीची मुलगी आहे, तिला भेटायचंय.

"होळीची मुलगी? ती तं गेली ना सकाळीच," तो म्हणाला. "मामा आले होते न्यायला."

मला एकच भाऊ आहे आणि तो कुवेतला असतो.

पुढचं मला सलग आठवतच नाही... नवरा त्या मुलाला काहीतरी विचारत होता आणि मी सरळ आत पळत सुटले. कोणी अडवलं नाही. हेसुद्धा नंतर लक्षात आलं, की मला कोणी अडवलंच नाही!

आत जिकडे बघावं तिकडे तंबू आणि मुलं. सगळ्यांचे कपडे एकसारखे, स्काऊट-गाईडचे स्कार्फ एकसारखे, दर दुसरी पोरगी दोन वेण्यांची. स्वतःच्या पोटची पोर गर्दीत लगेच ओळखता येते असं मी समजत होते. दोन मुलींचे तर मी खांदे धरून त्यांना वळवून बघितलं, बिचाऱ्या घाबरल्या. नवऱ्याने माईकवरून तिचं नाव पुकारायला लावलं तर तीन सई आल्या... आमची एकही नाही.

आणि मग नळाजवळ दिसली. ताट घासत होती. दोन मैत्रिणींबरोबर खिदळत होती, त्या गोंधळात तिला माईक ऐकूच आला नव्हता. मी तिला आधी मिठी मारली की आधी पाठीत धपाटा घातला, खरंच सांगता येणार नाही.

हळूहळू उलगडा झाला. साताऱ्याकडची एक मुलगी सणासाठी घरी जाणार होती, तिचा नालासोपाऱ्यातला मामा तिला घेऊन गेला. 'होळीला जाणारी मुलगी' तोंडोतोंडी 'होळीची मुलगी' झाली. गेटवरचा मुलगा दुपारी ड्युटीवर आलेला, त्याने ऐकलं तेच आम्हाला सांगितलं. जीव भांड्यात पडला. मला तर हसूच यायला लागलं.

तेवढ्यात सई लाडू खात खात सहज म्हणाली, "मला पण बोलवलेलं ना सकाळी."

नवऱ्याने तिला सगळं नीट सांगायला लावलं. मग तिने सांगितलं ते असं. सकाळी एक स्वयंसेवक दादा तंबूशी आला आणि होळीची मुलगी कोण म्हणून विचारलं. हिने हात वर केला. करणारच ना, आहेच ती होळीची! त्याने नाव विचारलं नाही, शाळा विचारली नाही. बॅग घे, मामा आलेत, एवढंच सांगून तिला गेटवर नेलं. बाहेर एक गाडी उभी होती. मामा चहा प्यायला गेलेत, तू बस आत, असं म्हणाला.

"मी बोलले, माझा मामा कुवेतला आहे, मी नाही बसणार," सई म्हणाली. "तर तो ओरडला. नाटकं करू नको, चल बस."

ती बसली नाही. गेटचा बांबू दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मामा चहा पिऊन आला, ही आमची नव्हे म्हणाला, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. शाळेच्या बाईंना कोणी कळवलं नाही, मग आम्हाला कोण कळवणार?

मामा भला माणूस होता, हे आपलं नशीब. पण त्याच्याकडेही कोणी ओळखपत्र मागितलं नव्हतं. ऑफिसच्या तंबूत जाऊन मी जे काही बोलले त्याला आमच्या गावाच्या नावाला शोभेल असा शिमगाच म्हणतात. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, एवढी मुलं आहेत, होतं असं कधीकधी." हे वाक्य डोक्यातून जात नाहीये...

पाठवू नका असं मी म्हणत नाही. सई शिबिर संपेपर्यंत तिथेच राहिली, तिचाच हट्ट. पण तंबू कसे आहेत, जेवण काय, हे विचारण्याआधी विचारा की माझ्या मुलाला कोणाच्या हाती सोडणार आणि तो माणूस कोण ते कसं ओळखणार. नुसतं "काळजी करू नका" असं उत्तर आलं तर जरूर काळजी करा.

रात्री न राहवून फोनवर विचारलं, तेव्हा घाबरली नव्हतीस का गं? म्हणाली, "घाबरलेले ना. म्हणून तर बांबू सोडला नाही."

अकरा वर्षांची आहे हो ती... देवाचे आभार मानायचे की तिचे, मला अजून कळलेलं नाही.