चार कच्चे बोल्ट

साठ सालानंतरची गोष्ट. कुडाळच्या रस्त्यालगत माझं गाड्या दुरुस्तीचं छप्पर होतं. बाजारातल्या एका काजूच्या व्यापाऱ्याकडे लढाईच्या वेळची जुनी पेट्रोलगाडी होती, तो ती भाड्याने फिरवायचा. तिच्यात त्याला मोडीतल्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवायचं होतं.

इंजिन बसेना. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दोन लांब दांड्यांना जोडणारी पोलादाची आडवी पट्टी असते, क्रॉस मेंबर. इंजिनाचा भार तिच्यावर. नव्या इंजिनाचं बूड खोल, ते तिच्यावर आदळत होतं. व्यापारी म्हणाला, "कापून टाक आणि फणसाचो वासो घाल." मी नाही म्हटलं. ट्रकच्या चासीचा तुकडा कापला, भट्टीत लाल करून मधोमध चार बोटं खाली वाकवला. आठ दिवस गेले. पट्टी बसते का बघायला चार बारीक बोल्ट लावून इंजिन वर ठेवलं, जोडून सुरूही करून बघितलं. खरं काम रिवेटांचं, लाल करून ठोकायच्या लोखंडी खिळ्यांचं होतं, आणि जाड रिवेट कुडाळात नव्हते. व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं, "बोल्ट कच्चे आसत. रिवेट मारल्याशिवाय गाडी हलवू नकात." तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या बाजारात आठ जाड रिवेट पिशवीत भरून दुकानाबाहेर आलो, तर समोरून तीच गाडी. आत सहा माणसं, टपावर सामान, तोंड आंबोलीकडे. मी रस्त्यात धावलो.

"थांब रे! बोल्ट कच्चे आसत!"

ड्रायव्हर माझ्याच वाडीतला, माझ्या वयाचा. त्याला वाटलं मी हात करतोय. त्याने हॉर्न वाजवला आणि गेला.

मागची एसटी मिळेपर्यंत तासभर गेला. घाटात तिसऱ्या वळणाला गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात तिरकी पडली होती. बोल्ट तुटून इंजिन पुढे कलंडलेलं, पंख्याने रेडिएटर फाडलेला. दरीच्या बाजूला गेली असती तर कोणी उरलं नसतं. माणसांचं खरचटण्यावर निभावलं होतं. ड्रायव्हरने मात्र उतरून घाईने बॉनेट उघडलं, आणि उकळतं पाणी त्याच्या डाव्या हातावर आलं.

"शेटनी सांगल्यानी, काम पुरा झाला म्हणान," तो कण्हत म्हणाला.

"आणि तू खाली वाकून बघलंस नाय?"

"बघलंय. पण नाय म्हटलंय तर दुसरो ड्रायव्हर दारात उभो होतो."

मला व्यापाऱ्याचा राग आला होताच, आता त्याचाही आला. सहा जीव मागे बसवून हा गप्प राहिला.

त्याला दवाखान्यात पोचवून कुडाळला आलो, तोवर व्यापाऱ्याने बाजारभर केलं होतं की मिस्त्रीची पट्टी मोडली. दोन दिवसांनी गाडी ओढून आणली. मी पट्टी सोडवली, खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून चालत जाऊन व्यापाऱ्याच्या गादीवर टाकली. पांढऱ्या चादरीवर काळं तेल पसरलं.

"बघा. खंय मोडली ती दाखवा."

त्याने पट्टीकडे बघितलंही नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"पट्टी तुझी, म्हणजे दोष तुझो. आता नीट करून दी."

तिथे थांबलो असतो तर त्याला मारलंच असतं. पट्टी उचलली आणि निघालो. हे काम करायचं नाही असं घरी जाईपर्यंत ठरवलं होतं. पण छपरात ड्रायव्हर बसला होता, हाताला बँडेज बांधून.

"तू नाय केलंस तर दुसरो कोणतरी वासो घालतलो," तो म्हणाला. "आणि ती गाडी मीच चालवतलंय."

मी त्याला शिव्या दिल्या. मग रिवेट मारण्याआधी गाडी कोणी नेऊ नये म्हणून तिची पुढची दोन्ही चाकं काढून घरात नेली आणि खोलीला कुलूप घातलं. व्यापाऱ्याने तीनदा माणूस पाठवला, मी चावी दिली नाही. आठही रिवेट लाल करून ठोकले. पलीकडून हातोडा टेकवून धरला ड्रायव्हरने, चांगल्या हाताने. मग चाकं लावली.

त्या पट्टीवर गाडी पुढे कित्येक वर्षं घाट चढली. ड्रायव्हरची दोन बोटं कधी नीट मिटली नाहीत, गिअर तो तळव्याने ढकलायचा. व्यापाऱ्याने बाजारात सांगितलेलं खोटं कधी मागे घेतलं नाही. आज तो नाही, पण माझा राग जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.