हळदीच्या वाफ्यातली शिवराई

त्या वर्षी हळद चांगली पोसली होती. पानं वाळून आडवी झाली, तशी पौषातल्या एका दुपारी मी कुदळ घेऊन परसात गेले. आमचं घर भोरच्या टोकाला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं. मागं एवढंसं परसू. त्यात अळू, कढीपत्ता आणि भिंतीलगत हळदीचा वाफा. पहिलाच गड्डा खोलातून उचलायला घाव घातला आणि खालून खणकन आवाज आला. दगड असेल म्हणून हातानं माती सारली, तर कुजलेल्या गोणपाटाची चिंधी हाताला लागली. त्याखाली पैसे. हिरवट-काळे, मातीनं एकमेकांना चिकटलेले.

एक पैसा पदराला घासला. 'श्री' दिसलं, खाली राजाचं नाव. उलटा केला तर 'छत्र'. शिवराई ओळखायला आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. शेत नांगरताना कुणाला तरी असा तांब्याचा जुना पैसा सापडतो आणि त्या घरच्या देव्हाऱ्यात जाऊन बसतो. पण सापडतो तो एखादा. इथं ढीग होता.

मी पहिल्यांदा शेजारच्या गच्चीकडं पाहिलं. कुणी नव्हतं. वाळकी पानं खड्ड्यावर ओढली आणि मालकांना हाक मारली. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून दुपारी पडायची सवय लागली होती.

"अहो, जरा मागं या."

"का? साप निघाला का?"

"या तर."

ते आले, उकिडवे बसले, पैसा तळहातावर घेऊन बराच वेळ हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार? आत्ताच तर निघालं."

"मग बोलू नगं."

सगळं घमेल्यात भरलं, वरून हळदीची पानं टाकली आणि घरात नेलं. त्या घडीपासून घरातली शांतता गेली. घमेलं आधी पलंगाखाली ठेवलं. तिथं झाडताना दिसेल म्हणून माळ्यावर. माळ्यावर उंदीर फिरतात म्हणून वर फडकं बांधून गव्हाच्या कोठीत. दारावर भाजीवाली ओरडली तरी मी आधी कोठीकडं धावायची. दोघांनी एकदम बाहेर पडायचं बंद केलं. हे सकाळी नदीपर्यंत फिरायला जायचे, तेही थांबलं. मी आंघोळीला गेले की हे कोठी उघडून बघायचे. फडक्याची गाठ मी मारलेली नसायची, त्यावरून मला कळायचं.

"जमिनीतलं धन सरकारचं असतंय," हे पहिल्या दिवशी म्हणाले. "तहसीलला कळवाया पायजे."

"कळवू की. आधी बघू तरी काय आहे."

दुसऱ्या दिवशी मलाच भीती वाटली. "चला, कळवून मोकळे होऊ." तर हे म्हणाले, "आज नगं. इचार करू." असं आमचं चाललं. एक पुढं झाला की दुसरा मागं. त्यावरून भांडणंही झाली. ती दबक्या आवाजात करायची, म्हणून जास्तच चिडचिड व्हायची.

मला ते विकायचं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरकडची माणसं या जागेला हसायची. हितं दगडाबिगर काय निघायचं न्हाई, म्हणायची. त्याच जागेनं मला हे दिलं, असं मनात घेऊन मी फिरत होते. स्वयंपाक करता करता मधेच हसू यायचं, आणि लगेच कुणी ऐकलं का म्हणून मी दाराकडं बघायची. त्यातली थोडी नाणी मी देव्हाऱ्यात ठेवली, हळदीकुंकू वाहिलं.

घरात आमच्याखेरीज एकच माणूस, पुढच्या खोलीतला भाडेकरू. सारोळ्याकडचा, तिशीतला, एकटाच. शनिवार-रविवारी वेल्ह्याला जाऊन गडावर येणाऱ्या पोरांना टोप्या, झेंडे, कीचेन विकायचा. वागायला गोड. तो तेव्हा शेतीच्या कामाला गावी गेला होता, ते बरंच झालं असं आम्हाला वाटत होतं.

एका सकाळी देवाची उपकरणी घासायला चिंच भिजवली होती. त्यातच थोडी नाणी टाकली. हिरवा रंग असा उतरला की बघत राहावं. आतून तांबं नव्या कळशीसारखं लालभडक. मला आनंद झाला. ती पाटावर ओळीनं मांडली आणि पुसता पुसता हात थांबला. एका नाण्यावर 'श्री'च्या वेलांटीला बारीकशी खाच होती. शेजारच्यालाही तिथंच खाच. त्याच्या शेजारच्यालाही. कडेचा एक ठिपका फुटलेला होता, तो सगळ्यांवर तिथंच फुटलेला.

मी जन्मभर भाकरी थापली. एकाच परातीतल्या दोन भाकरी माझ्या हातून कधी सारख्या झाल्या नाहीत. आणि हे पैसे म्हणे कुणीतरी एकेक करून हातानं ठोकलेले.

मी यांना बोलावलं. यांनी चष्मा लावला, नाण्याच्या कडेवरून नख फिरवलं.

"साच्याची शिवण हाय ही," म्हणाले. "ओतलेला माल हाय. अन् नवाय."

मग खुर्चीत बसून हे हसायला लागले. "बरं झालं तहसीलला गेलो न्हाई!" मला हसू येईना. एवढ्या दिवसांची धास्ती, अन्नावरची वासना गेलेली, आणि हे हसतात. मी पाट तसाच सोडून उठले, अंगणात गेले, परत आत आले. कुठं बसावं कळेना.

त्याच संध्याकाळी भाडेकरू आला. पाय धुवायला मागं गेला आणि तसाच ओल्या पायांनी परतला.

"काकू, हळद काढली?"

दिवाळीपासून तो मला हेच विचारत होता. काकू, हळद कधी काढणार? मला वाटायचं, पोराला ओल्या हळदीच्या लोणच्याची आवड असेल.

यांनी घमेलं आणून त्याच्यापुढं ठेवलं. त्याची नजर वरच्या लखलखीत नाण्यांवर गेली.

"घासली?" तो कळवळून म्हणाला. "काकू, घासली कशाला?"

"ही तुझी?" मी विचारलं.

"माझीच. तुम्ही उन्हाळ्यात लग्नाला माहेरी मार्गासनीला गेला होता, तेव्हा पुरली. वाफा भुसभुशीत केलेला होता, शेणखत होतं. पावसाळाभर राहिली की हिरवा रंग धरतात. दसऱ्याला काढणार होतो. पण तुम्ही वर हळद लावली."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगतोस? शेतात सापडली म्हणून?"

"मी कायच सांगत न्हाई काकू. माती लागलेली तशीच ठेवतो. तेच म्हणतात, सापडली वाटतं."

"अन् तू गप बसतूस," हे म्हणाले.

तो खाली बघून म्हणाला, "व्हय."

यांनी छिन्नी-हातोडा काढला. "परत्येकावर घाव घालतो. मग घेऊन जा आन खुशाल वीक. बघणाऱ्याला कळंल तरी नक्कल हाय." आणि पहिल्या नाण्यावर बरोबर मधोमध छिन्नी टेकवली. मी त्यांचा हात धरला.

"नाव आहे त्यावर."

"अगं, खोटं नाणं हाय."

"नाणं खोटं. नाव कुठं खोटं आहे?"

मग यांनी छिन्नी कडेला सरकवली. भाडेकरू पकडीत एकेक नाणं धरून देत होता आणि हे कडेला खाच पाडत होते. तो एका शब्दानं नको म्हणाला नाही. शेवटी मी देव्हाऱ्यातली नाणी आणून दिली. त्यांच्यावरचं कुंकू तेवढं आधी पुसलं. महिना संपला तशी त्यानं खोली सोडली. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला की नाही, मला आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी वेल्ह्याला गेले. काम होतं माहेरी मार्गासनीला, पण उतरले नाही, तशीच पुढं गेले. गडाच्या वाटेला टपऱ्या होत्या. तो कुठं दिसला नाही. एक बाई टोप्यांशेजारी शिवराई मांडून बसली होती, काही माती लागलेली, काही काळ्या दोऱ्यात ओवलेली. मी एकेक उचलून कडा बघितल्या. एकीलाही खाच नव्हती. शेजारी पुण्याकडची एक मुलगी आणि तिच्यासोबतचा मुलगा नाणी निवडत होते. माझ्यानं राहवलं नाही.

"ही नकली आहेत हो," मी म्हणाले.

बाईनं माझ्याकडं डोळे वटारले. मुलगी मात्र हसली. "माहितीये काकू. खरी अशी थोडीच मिळणार? गळ्यात घालायचीये फक्त."

तिनं तिथंच दोरा गळ्यात बांधून घेतला आणि दोघं गडाकडं चालू लागली. मी हातातलं नाणं खाली ठेवलं. म्हणजे इथं कुणी फसत नव्हतं. फसलो होतो ते आम्ही, आणि आम्हाला तर कुणी काही विकलंही नव्हतं.

परतीच्या एसटीत जागा मिळाली तरी जीव ठिकाणावर येईना. मी सारखी पिशवी मांडीवरून खाली ठेवत होते, परत उचलत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत न्हाई का, ताई?"

"बरं आहे की," मी म्हणाले आणि घट्ट बसलेली खिडकी दोन्ही हातांनी वर ढकलायला लागले.