झोपेतलं आमेन

संध्याकाळी साडेसातला आमच्या घरी उपासना होते. होते म्हणजे मी ती घेते, आणि घेते म्हणजे ओढते. नवरा माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. हंगाम सुरू झाला की तो महिन्यातून एखाद्या रविवारी उगवतो, बाकी दिवस फोनवरच असतो. आठच्या सुमारास फोन करून विचारतो, उपासना झाली का? झाली म्हटलं की त्याला बरं वाटतं. कशी झाली, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही.

मी नर्स आहे. नेकनूरच्या पुढच्या एका गावात सरकारी उपकेंद्र आहे, त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी, सहावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चर्च बीडला. रविवारी एसटी वेळेवर आली तर उपासना सापडते, नाही तर शेवटचा आशीर्वाद घेऊन परत यायचं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येतात, चहा घेतात, मुलांना वचनं विचारतात आणि खूश होऊन जातात. उरलेल्या दिवसांत मुलांच्या मनात देव टिकवायचं काम माझ्याकडं. मला ते काम मनापासून हवं होतं. फक्त ते साडेसातला यायचं, आणि साडेसातला माझ्यात काही उरलेलं नसायचं.

उपासनेची आमची पद्धत ठरलेली. सतरंजी टाकायची. एक गीत म्हणायचं. मुलगी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, भाग वाचते, मुलगा त्यातलं एक वाक्य बोट ठेवून वाचतो आणि प्रत्येक जोडाक्षरापाशी अडतो. मग धाकट्यापासून मोठ्यापर्यंत प्रत्येकानं आपल्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना करायची आणि प्रत्येकाच्या शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. पाठ केलेलं चालत नाही. आणि एक नियम, जो मी माझ्या माहेरून आणला: प्रार्थनेत कुणी काय बोललं, यावर नंतर अवाक्षर काढायचं नाही. रागवायचं नाही, विचारायचं नाही, हसायचं नाही.

माझे वडील शाळामास्तर होते. त्यांचा हात चालायचा, पण प्रार्थनेत कबूल केलेल्या गोष्टीला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यामुळं आम्ही भावंडं जे त्यांना तोंडावर सांगू शकत नव्हतो ते देवाला सांगायचो, मोठ्यानं, त्यांच्यापासून दोन हातांवर बसून. ते ऐकायचे आणि पुढच्या चार दिवसांत ती गोष्ट गुपचूप निस्तरलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, देवच निस्तरतो. मोठेपणी कळलं, तरी श्रद्धा कमी झाली नाही, उलट वाढली. माझ्या मुलांनाही तसंच मिळावं, एवढीच माझी धडपड.

मुलांनी नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. मुलगा एकदा म्हणाला, प्रभू, शेजारच्या शेळीला पिल्लू होऊ दे, मास्तरांना उद्या ताप येऊ दे, आणि थर्मामीटर माझ्याकडून फुटला पण मी मुद्दाम फोडला न्हाई. मी आमेन म्हटलं आणि दात आवळून गप्प बसले. थर्मामीटर सरकारी होता. मुलीची प्रार्थना लांबायची. ती देवाला सगळं सविस्तर सांगायची. कोणती मैत्रीण कुणाशी बोलत नाही, गणिताच्या तासाला काय झालं, चप्पल कशी लागते. ऐकता ऐकता मला मुलीचा दिवस कळायचा. शनिवारच्या बाजारात मी चप्पल आणायची, ती काही न बोलता घालायची. आमचं छान चाललं होतं.

मग हळूहळू माझं काम वाढत गेलं. एका उपकेंद्राची बाई रजेवर गेली, तिची गावं माझ्याकडं आली. दिवसभर वस्त्यांवर चालायचं, बाळांना सुया टोचायच्या, बाळंतिणींची घरं धुंडाळायची, आणि घरी आल्यावर तेच सगळं मोबाईलवर भरायचं. रेंज नसली की परत भरायचं. दिवाळीनंतर निम्मं गाव उसतोडीला जातं, तेव्हा कोणतं बाळ कोणत्या कारखान्याच्या रानात आहे हेही मलाच विचारतात. जणू मीच पाठवलं.

तर मी प्रार्थनेत झोपायला लागले. याची मला आधी कल्पनाच नव्हती. हात जोडलेले, मान खाली, डोळे मिटलेले. प्रार्थना करणारी बाई आणि बसल्या जागी झोपलेली बाई बाहेरून सारखीच दिसते. मुलीचा आवाज लांबून यायचा, मग यायचाच बंद व्हायचा, आणि तो थांबला की माझ्या तोंडातून आमेन निघायचं. इतक्या वर्षांची सवय, तिला जागं असण्याची गरजच पडत नव्हती. त्यानंतर माझी प्रार्थना मी चार वाक्यांत उरकायची आणि ताटं घ्यायची.

एके दिवशी मुलाची प्रार्थना झाली आणि मुलीची पाळी आली. ती म्हणाली, "पुढं." एवढंच. म्हणजे मला वगळा, पुढच्यानं करा. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही पुढं. आठवडाभर पुढं. ती सतरंजीवर बसायची, गीत म्हणायची, वाचायची, वाचन तर आमच्यात तिचंच स्वच्छ. पण तोंडानं प्रार्थना नाही.

मी घाबरले. एकट्या घरात वाढलेलं ख्रिस्ती लेकरू कधी हातातून सुटेल याची धास्ती आमच्यासारख्यांना कायम असते. मैत्रिणींच्या घरी देवघर आहे, सण आहेत, आरत्यांना पंचवीस माणसं जमतात. आमच्याकडं देव आहे आणि एक पेंगणारी आई. मी शाळेवर राग काढला, मोबाईलवर काढला. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला वय आहे, होईल नीट. पाळकसाहेब म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना करा. केली. आणि वर तिला रोज एकाऐवजी दोन वचनं पाठ करायला लावली. विश्वास वाढावा म्हणून लावली असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मी चिडले होते. तिनं दोन्ही पाठ करून दाखवली आणि वही मिटून ठेवली.

त्याच दिवसांत मी गावातल्या शाळेत मुलींची सभा घेतली. पाळी कशी येते, काय काळजी घ्यायची, हे सांगायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. सातवीच्या आणि पुढच्या मुलींना वर्गात बसवतात, सहावीच्या पोरींना मैदानावर पिटाळतात. माझी मुलगी मैदानावर गेली. मी फळ्यासमोर उभी राहून म्हणाले, घाबरायचं नाही, लपवायचं नाही, पहिल्यांदा सरळ आईला सांगायचं. मी ते चांगलं सांगते. मुली मान हलवतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आशाताई माझ्याबरोबर वस्तीवर चालली होती. गावातली आशा सेविका म्हणून ती दहा वर्षं माझ्यासोबत काम करते, घरातली असल्यासारखी. चालता चालता म्हणाली, "शिस्टर, लेकीला आता लई पळू देऊ नका. दुसऱ्यांदा माझ्याकडं पॅड मागायला आलती." मी काय ऐकतेय ते मला आधी कळलंच नाही. मग मी, हो हो, बघते, असं म्हणाले, जसं काही मला सगळं ठाऊक होतं. त्या क्षणी मला लाज वाटली, आणि आधी नर्स म्हणून वाटली, आई म्हणून नंतर, हेही लिहून ठेवते.

घरी आले तेव्हा मुलगी ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही. तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"प्रार्थनेत. तू आमेन म्हणालीस."

मग तिनं तांदळातली नजर न काढता सगळं सांगितलं. शाळेतून आल्यावर डाग दिसला. ती भ्यायली. मला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबली आणि देवाला सांगितलं, मला ऐकू जाईल असं. मी आमेन म्हटलं आणि ताटं घेतली. तिला वाटलं, मम्मीचा नियम आहे, प्रार्थनेतलं बोलायचं नाही, म्हणून ती गप्प आहे, पण काहीतरी करील. चप्पल यायची तसं काहीतरी येईल. ती दोन दिवस वाट बघत राहिली, जुना कपडा फाडून. तिसऱ्या दिवशी तिला शंका आली.

"मग मी म्हणले, प्रभू, उद्या दवाखान्याच्या छतावर हत्ती येऊ दे. तरी तू आमेन म्हणालीस."

ते मला आठवलं. हत्ती नाही आठवला, मुलाचं हसणं आठवलं. त्या हसण्यानं मी दचकून जागी झाले होते आणि प्रार्थनेत हसतो म्हणून त्याला चिमटा काढला होता. त्या बिचाऱ्यानं तेव्हा काही सांगितलं नाही, कारण प्रार्थनेतलं सांगायचं नसतं.

मी तिथंच खाली बसले. माफी मागितली. ती म्हणाली, बरं. तिनं रडावं, मला बोलावं, असं मला फार वाटत होतं. तिनं तांदूळ धुतले.

माझ्या वडिलांचा विचार त्या दिवसांत पुन्हा पुन्हा मनात येत राहिला. तेही सायकलवरून दमून यायचे. तेही कधी झोपत असतील का? पण मी हत्ती मागून बघितला नाही, मला गरज पडली नाही. माझं नशीब म्हणायचं.

पुढं मी जागं राहायचे सगळे उपाय केले. उपासनेआधी तोंड धुतलं, कडक चहा घेतला. उपासना पहाटेवर नेऊन बघितली, तर मुलगा वाचता वाचता पुस्तकावर आडवा झाला. शेवटी मी उभ्यानं प्रार्थना करायला लागले. भिंतीला न टेकता. मुलगा विचारायचा, मम्मी, तू कावून उभी राहतीस? मी म्हणायची, पाय मोकळे होतात. नियमही मोडला. मुलांना सांगितलं, प्रार्थनेत बोललेलं मी नंतर विचारणार. मुलानं ताबडतोब प्रार्थना आखूड केली. मुलगी म्हणाली, पुढं.

निम्मी थंडी अशीच गेली. नवरा एकदा येऊन गेला, त्याच्यासमोरही ती पुढं म्हणाली. तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी तर इथं नव्हतोच. एवढंच म्हणाला, पण त्याच रात्रीच्या एसटीनं जायचा तो थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेला.

जानेवारीतला एक शनिवार. सकाळची शाळा सुटली होती. मी दवाखान्यात एकटीच औषधं लावत होते, तेव्हा मुलगी वर्गातल्या एका मैत्रिणीला हाताला धरून घेऊन आली. मैत्रिणीचे आईबाप उसतोडीला गेलेले, ती मागं आजोबांजवळ राहते. आजोबा दिवसभर शेळ्यांमागं. घरात दुसरी बाई नाही. पोरीनं पाठीमागं दप्तर धरलं होतं आणि तिचा चेहरा बघून मला पुढचं सगळं समजलं.

माझी मुलगी मला काही म्हणाली नाही. ती मैत्रिणीला म्हणाली, "आता सांग हिला. दुपारी ही जागी असती."

मी ते गिळलं. दार लोटून घेतलं, पोरीला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग शाळेत सांगते तेच सांगितलं, पण फळ्यासमोर सांगते तसं नाही. हा आजार नाही, तुझं काही चुकलं नाही, घडी कशी लावायची, कधी बदलायची, आजोबांना काय सांगायचं. तिची आई लांब आहे म्हणून दर महिन्याला माझ्याकडं यायचं, हेही सांगितलं. मुलगी औषधांच्या कपाटाला टेकून उभी होती. जायला सांगितलं असतं तर गेली असती. मी सांगितलं नाही.

मैत्रिणीला काही विचारायचं नव्हतं, तिला फक्त लवकर सुटायचं होतं. विचारलं ते कपाटाजवळून. "आन् पोट किती दिस दुखतं?"

पहिले दोन दिवस, मी म्हणाले. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं की उतरतं.

"मी कधी शेकलंच न्हाई," ती म्हणाली.

ती काही तक्रार करत नव्हती. नवीन माहिती कळल्यावर म्हणावं तसं म्हणाली. मैत्रीण गेल्यावर मी आतून रबरी पिशवी आणली, तिच्या हातात दिली, पाणी किती गरम घ्यायचं ते दाखवलं. तिनं बूच दोनदा लावून बघितलं. मग मी खूप रडले, तिच्यासमोर, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती.

त्या संध्याकाळी मी उभी राहिले नाही. गुडघे दुखत होते, सतरंजीवर बसले. गीत झालं, वाचन झालं. मुलानं प्रार्थना केली, त्यात शेळीचं पिल्लू अजून होतंच. आम्ही आमेन म्हटलं. मग तिची पाळी. मी तिचं ‘पुढं’ ऐकायच्या तयारीत होते, माझी चार वाक्यंही जुळवून ठेवली होती.

तिनं डोळे मिटले. मग हळू म्हणाली, "प्रभू, तिची आई लांब हाय. तिला भ्या वाटू देऊ नको. आन् आज मम्मीनं तिला नीट सांगितलं, त्याबद्दल आभार."

शेवटी येशूच्या नावात मागते असं म्हणायचं असतं. तिथं ती थांबली आणि डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं. मी जागी होते.