स्वतःच्या अक्षरातली बदनामी

नाचणगावात देवावर नितांत श्रद्धा असणारे पुष्कळ आहेत आणि भावकीला कोर्टात खेचणारेही कमी नाहीत. पण सकाळी देवळात आरतीला पहिल्या ओळीत उभं राहून दुपारी त्याच देवळाच्या भजनी मंडळावर अब्रूनुकसानीचा दावा लावणारा भक्त आमच्या मोठ्या साडूंखेरीज दुसरा व्हायचा आहे. मोठे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा भाजीपाल्याचा, वांगी आणि सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांनी इथे इडली शोधू नये.) मात्र त्यांना भाजीवाला म्हटलेलं चालत नाही. ते स्वतःला सुलेखनकार समजतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. त्यांच्या वांग्यांच्या क्रेटवरसुद्धा ‘वांगी’ हा शब्द असा नटूनथटून बसलेला असतो की गिऱ्हाइकाला आतला माल किडका निघाल्याचं दुःख निम्मंच होतं.

एवढं सुंदर लिहिणाऱ्या माणसाने एक गोष्ट आयुष्यात केली नाही, ती म्हणजे वाचन. समोर कागद आला की साडू अक्षर पाहतात, मजकूर नाही. लग्नाची पत्रिका हातात दिली तर दोन मिनिटं निरखून म्हणतील, “साडभाऊ, वेलांटी बसकी हाये.” तारीख त्यांना दिसतच नाही. माझ्या पुतणीच्या लग्नाला ते असेच नटून, अहेर घेऊन, दुसऱ्या दिवशी आले आणि मांडव सोडणाऱ्या लोकांवर खेकसले, “अबे, काऊन सोडून राह्यले?” देवळातल्या फळ्यावर रोजचा सुविचार मात्र तीस वर्षं तेच लिहीत. रंगीत खडूची वेलबुट्टी, चारी कोपऱ्यांत कमळं. सुविचार कुठला होता, हे लिहून खाली उतरल्यावर विचारलं तर सांगता येत नसे.

तीस वर्षं त्यांनी दुसरीही एक सेवा केली. भजनात टाळ वाजवला. वाजवला म्हणजे काय, मृदंग एकीकडे निघाला की यांचा टाळ निवांत पुलगावच्या स्टेशनाकडे निघायचा, आणि मग ध्यानात आलं की धावत परत यायचा. मंडळाने ते देवाची इच्छा म्हणून सोसलं. पण यंदा तालुक्याच्या भजनस्पर्धेत उतरायचं ठरलं आणि मंडळाला एकाएकी कान आले. साडूंना टाळ देऊ नये, असा ठराव झाला. आता हे सांगायचं कोणी? अध्यक्ष साडूंचे बालमित्र, दोघांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, एकच. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून अध्यक्षांनी ठराव चिठ्ठीवर उतरवला आणि रोजच्याप्रमाणे फळ्यावर लिहायला म्हणून साडूंच्याच हातात दिला. वाचतील, समजतील, गुपचूप बसतील, असा त्यांचा हिशेब.

साडूंनी मन लावून लिहिलं. ‘सूचना’ लाल खडूत. खाली स्वतःचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, निळ्या अक्षरात: ‘यांचा ताल वारंवार सुटत असल्याने यापुढे त्यांनी टाळ हातात घेऊ नये.’ नावाभोवती तर त्यांनी एक जादा कमळ काढलं. दोन दिवस अख्ख्या गावाने ते वाचलं, काहींनी अक्षराचं कौतुकही केलं आणि साडूंनी ते विनयाने स्वीकारलं. तिसऱ्या दिवशी भजनाला बसताना त्यांनी खुंटीवरच्या टाळाला हात घातला, तेव्हा अध्यक्षांनी हात धरला.

“भाऊ, फळा नाई वाचला का तू?”

“वाचाले कायले पाह्यजे? मीच त लिवला!” म्हणत साडू फळ्याकडे वळले आणि बहुधा जन्मात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं लिखाण वाचलं. मग चपला घालून निघून गेले.

आठ दिवसांत मंडळाला नोटीस गेली. वर्ध्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, बदनामीचा मजकूर कोणाच्या अक्षरात आहे? “माह्या!” साडू छाती काढून म्हणाले, “असं अक्षर तालुक्यात दुसऱ्याचं दाखवा.” वकिलाने पेनाला टोपण लावलं. पण साडू हटले नाहीत, दावा लागलाच. तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी दोघंही अध्यक्षांच्या भाजीच्या गाडीतून येत, कारण वांगी दोघांचीही बाजारात टाकायची असत. आधी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला आमच्याकडे चहा. तिथे एकमेकांकडे पाठ करून बसत आणि माझ्यामार्फत बोलत. दुपारी कोर्टाच्या आवारात झुणका प्रतिवादीच्या घरचा आणि भाकर वादीच्या घरची. “झुणका चांगला हाये म्हणा त्याले,” साडू मला सांगत, “पण केस काई मी सोडत नाई म्हणा.”

एकदा तिथेच जेवताना मी चिडलो. म्हटलं, “साडू, साऱ्या जिल्ह्यात हसं झालं. घरी बसून वाजवा की टाळ, कोण अडवतं?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “थे आयकते ना.”

‘थे’ म्हणजे आमची ताई, साडूंची बायको. दोन वर्षांपूर्वी पडली, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. घर देवळाच्या मागेच, त्यामुळे भोंग्यातून भजन सगळं ऐकू येतं. “पयले समोर बायांत बसे,” साडू म्हणाले. “आता खाटेवरून आयकते. म्हणते, एवढ्या टाळांत तुमचा मले बरोबर समजते. मंग तिले वाटते, आपणही देवळातच बसून हाओ.” समजणारच, असं माझ्या जिभेवर आलं होतं, बाकीचे थांबतात तेव्हा वाजतो तो यांचा. झुणक्याचा डबा बंद करता करता अध्यक्षही ऐकत होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, वादीला नक्की काय हवंय? “टाळ पाह्यजे साहेब,” साडू म्हणाले. अध्यक्ष लगेच उठले, “देतो साहेब.” तडजोड अशी ठरली की मंडळाने त्याच फळ्यावर, तितकेच दिवस माफी लिहावी. आणि इथे गाडी अडली, कारण गावात फळ्यावर लिहिणारा माणूस एकच. साडू खडू घेऊन उभेही राहिले होते. अध्यक्षांनी तो काढून घेतला. “आज मी लिवतो,” म्हणाले आणि चौथी शिकलेल्या त्या म्हाताऱ्याने स्टुलावर चढून, उतरत्या ओळींत, कोंबडीच्या पायासारख्या अक्षरांत माफी लिहिली. साडूंनी ती अक्षर न पाहता, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचली. ठरलेले दिवस उलटून गेले तरी त्यांनी ती पुसू दिलेली नाही. फळ्यावर सुविचार बंद आहेत.

परवा एकादशीला आम्ही नाचणगावला गेलो होतो. मी ताईच्या खाटेशी बसलो होतो. मंडळाने स्पर्धेचा नाद सोडलाय. भोंगा खरखरला, मृदंग सुरू झाला, दहाबारा टाळ एका तालात पडू लागले. ताई डोळे मिटून, छताकडे तोंड करून पडली होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो ताठ झालेला मला कळत होता. मग सगळे टाळ थांबले, आणि त्या मोकळ्या जागेत एकच टाळ खण्णकन वाजला.

“चुकले!” ताई म्हणाली, आणि तिचा हात सैल पडला. “आले बरं.”