टूं वाजलं की झडती

आमच्या गोडाऊनात दोन गोष्टी कधी संपत न्हाईत. एक रिटर्न आलेले कुर्ते आणि दुसरे किस्से. कुर्ते निदान परत कुठंतरी पाठवता येतात, किस्से मात्र साचतच जातात. परवा टपरीवर बाळूनं एक काढला, त्यावर मी एक काढला, तर चहावाला म्हणतो, "तुमी लोक तिथं काम कधी करता?" आता याला काय सांगावं!

तर आमचं गोडाऊन जालन्याच्या एमआयडीसीत. एका फॅशन कंपनीचे कुर्ते, शर्ट, दुपट्टे, शाली इथं येतात आणि इथून दुकानांना जातात. मी डिस्पॅचला. बाळू फोर्कलिफ्ट चालवतो. मॅनेजर कुलकर्णी साहेब, माणूस सज्जन, पण मुंबईचा फोन आला की उभे राहून बोलतात. दारावर खरातमामा, होमगार्डातून रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर! आणि पॅकिंगच्या हेड निर्मलाताई. त्या बोलायला लागल्या की बाकीच्यांनी टेप कापायचा, बास.

कंपनीनं ठरवलं की आता प्रत्येक कपड्याला रेडिओवर चालणारा टॅग लावायचा. धुण्याच्या सूचना लिहिलेली आतली पट्टी असते ना, त्या पट्टीतच तो शिवलेला. हातातलं मशीन फिरवलं की खोकं न उघडता आतला माल मोजून होतो. आणि कंप्युटरात जो कपडा अजून गोडाऊनातच आहे असं दिसतं, तो दारातल्या गेटमधून निघाला की गेट टूं करून ओरडतं, वर लाल दिवा.

इथपर्यंत ठीक. पण सोबत निरोप आला. दिवाळीनंतर मुंबईचे मोठे साहेब येणार. मशीनची मोजणी कंप्युटरशी जुळली तर गोडाऊन जालन्यात, न्हाई जुळली तर भिवंडीला.

त्या दिवशी निर्मलाताईंनी डबाच उघडला नाही. "मला कुठली भिवंडी जमायची? सासूबाई अंथरुणावर, पोरीची दहावी. इथं चार माणसं मला ताई म्हणून राह्यलेत, तिथं कोण विचारतं?" एवढंच बोलल्या. मला फार वाईट वाटलं. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, मशीन चालवून दाखवायचंच. आता आम्ही ठरवलं म्हटल्यावर काय काय झालं ते ऐका!

*

टॅग बसवायला पुण्याहून ऋचा मॅडम आल्या. वयानं लहान, इंजिनियर. त्यांनी बंद खोक्यावर मशीन फिरवलं आणि सांगितलं, "यात निळे कुर्ते आहेत, मीडियम साइज." उघडलं तर बराबर!

पॅकिंगच्या सगळ्या बाया एकदम दोन पावलं मागं सरकल्या. ताईंनी पदर नीट केला आणि विचारलं, "याला बंद खोक्यातलं दिसतं, मंग बाकीचं बी दिसतं का?"

मॅडम हसल्या, "नाही हो ताई, फक्त टॅग कळतो."

ताईंनी आपली डब्याची पिशवी पुढं धरली. "बरं, यात भाजी कोणती?"

"ते नाही सांगता येत."

"मंग मीच बरी. मला सगळ्यांच्या डब्यातलं वासानं कळतं!"

*

एक दिवस मशीन अचानक आंधळं झालं. दारापाशी रचलेला माल त्याला दिसेचना. मॅडमनी लॅपटॉप उघडला, वायरी तपासल्या, पुण्याला फोन केले. कुलकर्णी साहेब उभेच होते. ताई कोपऱ्यात हात जोडून.

दुपारी मॅडमचं लक्ष मालासमोरच्या क्रेटांवर गेलं. "हे काय आहे?"

बाळू म्हणाला, "मोसंबी. तीर्थपुरीला मामाच्या गावी गेल्तो, तोड चालू होती. सगळ्यांसाठी आणली. जाताना देणार व्हतो."

मॅडमनी कपाळावर हात मारला. रेडिओच्या लहरी म्हणे पाण्यात विरतात, आणि मोसंबीत पाण्याशिवाय असतं काय! बाळूनं मालापुढं पाण्याची भिंतच उभी केली होती.

क्रेट बाहेर ठेवावेत तर ऊन. साहेब म्हणाले, "मग करायचं काय?" आम्ही गोल करून बसलो आणि जल्दी जल्दी सोलायला लागलो. मॅडमसुद्धा! संध्याकाळी त्यांनी पुण्याला कळवलं, "प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला." तिकडून विचारलं, कसा? मॅडम म्हणाल्या, "खाऊन संपवला!"

*

दसऱ्याला आम्ही फोर्कलिफ्टची पूजा करतो, वजनकाट्याची करतो, टेपच्या मशीनची करतो. मग गेटनं काय पाप केलंय? ताईंनी स्वतः बसून गेट सजवलं. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं आणि वरून खालपर्यंत चमकीच्या झालरी. हळदी-कुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत.

दुसऱ्या दिवशी गेट मुकं! त्याच्यासमोरून सगळा माल नेला तरी हूं की चूं नाही.

मॅडम आल्या, गेट बघितलं आणि खालीच बसल्या. चमकीची झालर म्हणजे धातूचा पत्रा, लहरी त्यावर आपटून माघारी फिरतात म्हणे. "ताई, हे कुणी लावलं?"

ताईंचा चेहरा पडला. "मीच. ते चालावं म्हणूनच लावलं व्हतं हो." डोळ्यांत पाणी आलं.  मॅडमनी झालरी काढल्या, झेंडूची एक माळ मात्र वरच्या कोपऱ्यात राहू दिली.

गेट टूं वाजलं. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, नारळ पावला!"

*

सत्काराचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं पाहुणा आला आणि शाल-नारळ न घेता गेला, असं होतच नाही. ऋचा मॅडमचा सत्कार आल्या त्या दिवशी झाला, मशीन सुरू झालं तेव्हा झाला, बंद पडून परत सुरू झालं तेव्हा पुन्हा झाला. मॅडम म्हणाल्या, "आता बंद पडू देत नाही, माझ्या खोलीत शाली ठेवायला जागा नाही!" बाजारातून शाल आणायचं खातं कायम बाळूकडं.

*

दिवाळीला कंपनीनं सगळ्यांना शर्ट-कुर्ते दिले. आमच्याच गोडाऊनातले. वाटपाच्या दिवशी लाइट गेलेली, गेट मुकंच होतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सगळे नवे कपडे घालून हजर. जेवायच्या सुट्टीत बाहेर निघालो तर टूं! टूं! टूं! लाल दिवा विझेचना. कपडे आम्हाला दिले हे कंप्युटरला सांगायचं राहूनच गेल्तं.

खरातमामांनी शटर अर्धं ओढलं. "कुणी हलायचं न्हाई! टूं वाजलं की झडती!"

पहिले सापडले कुलकर्णी साहेब. "अहो मामा, मी मॅनेजर आहे!"

"गेटला ते ठाऊक न्हाई, साहेब. हात वर."

सगळ्यांची झडती झाली, ताईंनी कात्रीनं एकेकाच्या पट्ट्या कापल्या, मॅडमनी त्या कंप्युटरातून वजा केल्या. मामा समाधानानं बिडी ओढायला बाहेर निघाले, तर टूं! त्यांच्याही अंगात कंपनीचाच शर्ट. मामा थांबले, दोन्ही हात वर केले आणि बाळूला म्हणाले, "बघतो काय? घे झडती!"

*

आणि मग मोठे साहेब आले.

सकाळपासून कुणाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. ताई पहाटे ग्रामदैवताला जाऊन आल्त्या, कपाळावर अंगारा तसाच. साहेब गोडाऊनात शिरले, कुलकर्णी साहेबांनी भाषण केलं, सत्कार झाला. साहेबांना फार आनंद झाला असावा, कारण ते तसेच खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन केबिनमध्ये बसले. एसी जोरात होता म्हणा.

मोजणी सुरू झाली. मॅडम मशीन घेऊन एकेका रॅकवरून फिरल्या. आम्ही सगळे मागं मागं. शेवटच्या रॅकशी मॅडम थांबल्या. एक पीस कमी!

पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. रॅकखाली बघितलं, फोर्कलिफ्टखाली बघितलं, रिटर्नचे ढीग उपसले. ताई तर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात फिरवत होत्या. कुलकर्णी साहेबांचा रुमाल भिजून गेला. काहीच नाही.

मोठे साहेब केबिनबाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण म्हणाले, "सॉरी. एक पीस असो नाहीतर शंभर, जुळलं नाही म्हणजे नाही. तुम्ही मनापासून केलंत, पण मी मुंबईत काय सांगू?"

 ताई खोक्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही तोंड फिरवून रिकाम्याच खोक्याला टेप लावत बसलो, खोटं कशाला बोलू! साहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला, दाराकडं वळले, गेटमधून पाऊल टाकलं.

टूं!

वर लाल दिवा. साहेबांनी मागं बघितलं, मागं कुणीच नव्हतं. एक पाऊल आत घेतलं, परत बाहेर टाकलं. टूं!

खरातमामांनी हात आडवा केला. "साहेब, झडती."

"मामा!" कुलकर्णी साहेब किंचाळले.

"गेटला ठाऊक न्हाई, साहेब."

मामांनी मॅडमच्या हातातलं मशीन घेतलं आणि साहेबांच्या बुटापासून वर फिरवत आणलं. गुडघा, काही नाही. खिसा, काही नाही. खांद्यापाशी आलं आणि मशीन कोकलायला लागलं. ताई उठल्या, डोळे पुसत पुढं आल्या, साहेबांच्या खांद्यावरची शाल उलटी केली. आतल्या बाजूला धुण्याच्या सूचनांची पट्टी!

सगळ्यांनी एकदम बाळूकडं बघितलं. बाळू छताकडं बघत होता.

"मॅडम, लिवा!" ताई अशा ओरडल्या की पत्रे वाजले. "माल पुरा हाय!"

मोठे साहेब शालीकडं बघत राहिले, मग गेटकडं, आणि हसायला लागले ते गेटच्या खांबाला धरूनच. "कुलकर्णी, हे गोडाऊन कुठंही हलवायचं नाही. याला मी सापडलो म्हणजे कुणीही सापडेल!" ताईंनी तिथल्या तिथं त्यांना खाली वाकून नमस्कार केला, बाळूला दोन धपाटे घातले आणि परत रडायला लागल्या.

साहेबांनी शाल काढून ताईंच्या हातात दिली आणि गाडीकडं निघाले. पण मामांचा हात अजून आडवाच होता.

"थांबा साहेब. नारळाची झडती राह्यली."